अठ्ठेचाळीस किलोंच्या आत

वऱ्हाडातून परत येऊन बरेच दिवस झाले, तरी पँटचं वरचं बटण अजून लागत नाही. माझं पुण्यात औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाइकं विचारतात, ‘काय हो, दुकान बंद ठेवून कुठे गेला होतात?’ मी सांगतो, अकोल्याला, कराटेच्या स्पर्धेला. मग ती माझ्या पोटाकडे बघतात आणि पुढे काही विचारत नाहीत. एकेकाला किती समजावणार? म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. ज्यांना वऱ्हाडात जायचंय त्यांना याचा उपयोग होईल. निदान जाताना सैल कपडे न्यावेत एवढं तरी कळेल.

चांदूर बाजार

माझी धाकटी बहीण वैशाली शेतकीच्या कॉलेजात शिकायला म्हणून अकोल्याला गेली आणि चांदूर बाजारचा नवरा पसंत करून परत आली. तेव्हा आमच्या घरी थोडी रडारड झाली. नवऱ्यात काही खोट नव्हती, अंतर ऐकून आईला रडू आलं होतं. आता वैशूला विचाराल तर ती पुण्याचीच नव्हे. ‘मी येतो, मी करतो’ असं पुरुषासारखं बोलते, आणि मी हसलो की म्हणते, ‘तुमच्याकडं बायका वेगळ्या क्रियापदानं स्वयंपाक करतेत का?’

घराच्या तिन्ही बाजूंनी संत्र्याचा बगीचा आणि चौथ्या बाजूला वांगी, मेथी आणि झेंडू. डिसेंबरात झाडं इतकी लगडलेली की फांद्यांना बांबूचे टेकू दिले होते. मी अंगणात पाऊल टाकलं तोच भाऊजी ओरडले, ‘या जी! काहून इतके वायले? पुन्याले खायले देत नाई का कोनी?’ मी वाळलो नव्हतो. घरून निघताना बायको नेमकं उलटं म्हणाली होती. पण वऱ्हाडात पाहुण्याचं स्वागत करायची ती पद्धत आहे, तिच्याशी वाद घालू नये.

दुसरी पद्धत मामांनी ध्यानात ठेवण्यासारखी. तिकडे भाची मामाच्या पाया पडत नाही, मामा भाचीच्या पाया पडतो. दर खेपेला मी हे विसरतो. धनू समोर उभी राहिली, मी आशीर्वादासाठी हात वर केला आणि घरातली सगळी माणसं माझ्याकडे बघत उभी राहिली. शेवटी वैशूने पाठीत कोपर मारलं तेव्हा मी वाकलो. धनू म्हणाली, ‘राहू द्या मामा, वर येता नाई आलं तं मले उचला लागीन.’

ही धनश्री, म्हणजे धनू. अकरावीत आहे. पाठीवर जाड वेणी, अंगाने बांबूची काठी, आणि आवाज असा की बगीच्याच्या पलीकडच्या गड्याला फोन करावा लागत नाही. कराटे खेळते. तिच्या खोलीत खिळ्यांना दोन रुपेरी पदकं टांगलेली होती, दोन्ही भिंतीकडे तोंड करून. मी विचारलं, उलटी का गं? म्हणाली, ‘पाहाले नको वाटते.’

त्याचं असं आहे. अमरावती विभागातले पाच जिल्हे एकत्र खेळतात आणि प्रत्येक वजनगटातून फक्त पहिली आलेली मुलगी राज्याच्या स्पर्धेला जाते. दुसरीला पदक मिळतं आणि ती घरी येते. धनू सलग दोन वर्षं दुसरी आली होती. वयाच्या या गटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी वरचा गट, तिथे कॉलेजातल्या तयार मुली. म्हणजे राज्याला जायचं तर आत्ताच. पहाटे गोठ्यामागे भुसा भरलेल्या पोत्यावर लाथा बसायला लागल्या की माझी झोप मोडायची. पण त्या आवाजात काय आहे हे कळल्यावर मी तक्रार केली नाही.

स्पर्धा अकोल्याला होती. त्याच आठवड्यात व्यापाऱ्याची माणसं बगीच्यातली संत्री तोडायला येणार, त्यामुळे भाऊजींना हलता येईना आणि वैशूलाही. ‘तू नुसता बसलाच आहेस,’ वैशू म्हणाली. झालं, मी पालक म्हणून जायचं ठरलं.

चिखलदरा

जायच्या आधी एक दिवस मोकळा होता, तर भाऊजींनी मला चिखलदऱ्याला नेलं. परतवाडा मागे पडलं की घाट सुरू होतो आणि सागाच्या मोठ्या पानांवर धूळ बसलेली दिसते. वर थंडी चांगलीच होती. दरीच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली डोंगरामागे डोंगर, आणि माणूस आपोआप गप्प होतो. भाऊजी मात्र झाले नाहीत. ते मला कॉफीचे मळे दाखवत होते आणि त्यांच्या एका मित्राने इथे जमीन घ्यायची संधी कशी घालवली ते सांगत होते. तिथली कॉफी प्यायलो, कडक आणि चांगली. साखर कमी घातली होती, म्हणजे पुणेकराला ओळखलं असावं.

तिथे माझा एक अपमान झाला. पुण्याहून मी बाकरवडीचा पुडा आणला होता. तो गाडीच्या टपावर ठेवून फोटो काढत होतो, इतक्यात एका वानराने तो पळवला. झाडावर बसून त्याने एक बाकरवडी चावली, तोंडातून बाहेर काढली, नीट निरखली आणि पुडा खाली टाकून दिला. भाऊजींना हसू आवरेना. ‘गोड लागली असन त्याले,’ म्हणाले. चांदूर बाजारला पोचेपर्यंत त्यांनी ही हकीगत फोनवरून अर्ध्या तालुक्याला कळवली होती.

अमरावती

दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याची मुलंमुली अमरावतीला जमली. धनूचे सर तिथे भेटले. ठेंगणे, शांत, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. मुलांवर ओरडत नव्हते, नुसते बघत होते आणि मुलं सरळ होत होती.

‘संघ अकोल्याले शाळेत उतरन,’ सर मला म्हणाले. ‘पन धनूची आत्या ऐकत नाई. मले तीनदा फोन आला तिचा. मी असतानी माही भाची सतरंजीवर निजन का, म्हने. आता तुमी संगं हायेत म्हनून पाठवतो. एकच लक्षात ठेवा मामा. उद्या सकायी वजन हाये. अठ्ठेचाळीसच्या आतला गट. पोट्टी काठावर हाये. रात्री हलकं जेवन, सकायी काहीच नाई. काय?’

‘हलकं जेवण,’ मी म्हणालो.

‘अन् सकायी?’

‘काहीच नाही.’

मी औषधाच्या दुकानात रोज लोकांना गोळ्या जेवणाआधी की नंतर हे सांगत असतो. मला वाटलं, यात अवघड ते काय?

गाडी निघायला अवकाश होता म्हणून मी गिला वडा खाल्ला. अमरावतीला गेलात तर हा चुकवू नका. ताज्या वड्यावर घट्ट दही आणि वर झणझणीत तिखट. धनू शेजारी बाटलीतलं पाणी घोट घोट पीत उभी होती. ‘कसा लागून राह्यला मामा?’ तिने विचारलं. मी म्हणालो, बेताचाच आहे. ‘मंग दुसरी प्लेट काहून सांगतली?’ म्हणाली. दुसरी प्लेट मी पाठमोरा होऊन संपवली.

पुढे क्रूझर गाडीत आम्ही किती माणसं होतो हे मोजायला हात बाहेर काढायला जागा नव्हती. मूर्तिजापूरला चहासाठी उतरलो तेवढाच श्वास घेतला. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशीची शेवटची बोंडं आणि हरभरा. या रस्त्यावर मुलं अखंड गात होती आणि धनू खिडकीशी बसून डोळे मिटून बोटं हलवत होती. मनातल्या मनात कुणाशी तरी लढत असणार. मी तिला हाक मारली नाही.

अकोला

शोभाआत्या म्हणजे भाऊजींची थोरली बहीण. नोकरीत असताना अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होती, आणि तीही धारणीकडे, मेळघाटातल्या वाड्या-पाड्यांत. रस्ते असे की जीप जिथे थांबेल तिथून चालायचं. आता निवृत्त होऊन अकोल्यात राहते. नवरा मितभाषी. त्या घरात दोन माणसांनी बोलायला जागाच नाही, हे त्यांनी लवकर ओळखलं असावं.

धनूच्या कराटेच्या पाठीशी पहिल्यांदा उभी राहिली ती हीच. भावकीतला एक जण लग्नात म्हणाला होता, पोरगी लाथा मारायला शिकते, पुढं कसं व्हायचं? तर आत्या भर पंगतीत म्हणाली, ‘तुह्या पोट्ट्याले तं तेही येत नाई.’ त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. धनूचा पहिला पांढरा ड्रेसही आत्याने घेऊन दिलेला. धनू तिच्यावर जीव टाकते आणि आत्या धनूवर, हे दारातच दिसलं. आत्याने भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग दोन्ही हातांनी तिच्या दंडांना धरून तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, ‘मायबाई, हाडं मोजून घ्या पोट्टीचे!’

घरभर पुरणाचा वास. वऱ्हाडातली पुरणपोळी आपल्यासारखी नसते. आपली पोळी असते आणि तिच्यात पुरण असतं. त्यांचं पुरण असतं आणि त्याला कशीबशी पोळी गुंडाळलेली असते. सोबत वाटीभर तूप, आणि ते वाढायला चमचा नसतो. शिवाय पातोड्यांची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्साभाजी, भजी, कुरडया. दिवेलागणीलाच पानं मांडली. धनूने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, ‘आत्या, सकायी वजन हाये माहं. मी थोडंच खातो.’

आत्याचा पळीचा हात थांबला. ‘वजन? कोन करते?’

‘स्पर्धेवाले. काट्यावर पाहूनच खेळू देतेत.’

‘मंग तं पोटभर खाय! अन् काट्यावर कमी भरली म्हंजे?’

इथे सगळा घोळ झाला. आत्याने उभ्या आयुष्यात पोरांची वजनंच केली. झाडाच्या फांदीला काटा टांगायचा, झोळीत मूल ठेवायचं आणि काटा कुठवर जातो ते श्वास धरून बघायचं. तिच्या जगात काट्यावर चढणाऱ्या पोराला एकच भीती: वजन कमी भरण्याची. वजन जास्त भरलं म्हणून कुणी मुलाला परत पाठवल्याचं तिने पाहिलं नव्हतं. कमी भरलेली मुलं मात्र तिने पाहिली होती, आणि त्यातली काही पुढच्या महिन्यात काट्यावर आली नव्हती.

‘शोभाताई,’ मी घसा साफ करून म्हणालो, ‘तिचं वजन वाढून चालणार नाही.’

‘तुमी राहू द्या,’ ती म्हणाली. ‘तुमच्या पुन्याले लोकं वजन कमी कराले फी भरतेत. मले सारं माहीत हाये. इकडं तसं नाई.’ आणि तिने धनूच्या पानात पोळी टाकली.

आता ‘नको’ या गोष्टीबद्दल. पुण्यात ‘नको’ म्हटलं की पातेलं आत जातं. दोन्ही पक्षांना ते सोयीचं असतं. वऱ्हाडात पहिलं ‘नको’ म्हणजे शिष्टाचार. जो ते म्हणत नाही तो हावरट. दुसरं ‘नको’ म्हणजे लाज. तिसरं म्हणजे पाहुणा रुसला. खरं ‘नको’ त्याच्याही पुढे असतं, पण तोवर ताट भरलेलं असतं. धनूने तिन्ही म्हटली. आत्याने तिन्हींचा मान राखला आणि पुन्हा वाढलं.

‘आत्या, खरंच सांगून राह्यलो.’

‘मीबी खरंच वाढून राह्यलो. खाय.’

धनू वाकून माझ्या कानात म्हणाली, ‘मामा, सांगा नं तिले. मले नाई सांगता येत. ती सकायपासून उभी हाये चुलीसमोर.’ मी मान हलवली. मी सांगणारच होतो. पण त्या क्षणी माझ्या तोंडात तिसरी पोळी होती, आणि ती गिळेपर्यंत धनूने मान खाली घालून खायला सुरुवात केली होती. तिने सगळं संपवलं. आत्या तिच्याकडे असं बघत होती की मला बोलवेना.

सकाळी मी आधीच उठून स्वयंपाकघराच्या दाराशी पहारा द्यायचं ठरवलं होतं. उठलो तेव्हा धनू मोठ्या पेल्यातलं आटवलेलं दूध पीत होती आणि आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. ‘पाय, कशी गुणाची हाये,’ मला म्हणाली.

काटा

हॉलच्या बाहेर कागदी झेंड्यांची माळ, भोंग्यावर सूचना आणि रांगेत पांढऱ्या कपड्यांतली मुलंच मुलं. आत्या जेवणाचा डबा करून मागून येणार होती, एवढंच नशीब. धनू काट्यावर चढली. लाल आकडे हलले आणि थांबले. अठ्ठेचाळीसच्या वर चारशे ग्रॅम.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ‘मामा, तुमाले काय सांगतलं होतं?’

‘हलकं जेवण,’ मी म्हणालो. याहून मूर्ख उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही.

काटा बंद व्हायला थोडा वेळ होता, तोवर पुन्हा वजन करता येत होतं. धनूने दोन स्वेटर चढवले, वर माझी कानटोपी घातली आणि मैदानाला चकरा मारायला लागली. तिला एकटं कसं पळू द्यायचं म्हणून मीही मागे पळालो. अकोल्यात डिसेंबरातही ऊन चढलं की चांगलं चढतं. पानठेल्यावरचा एक जण ओरडला, ‘ओ काका! पोट्टी पयते ते समजलं, तुमी काहून पयता?’ दुसऱ्या चकरेनंतर मी ठेल्याजवळच बसलो आणि त्याने मला पाणी दिलं.

दुसऱ्यांदा काट्यावर चढली तेव्हा अजून जास्तच भरली, एका संत्र्याएवढी. संघातली एक मुलगी म्हणाली, ‘वेणी काप नं.’ धनूने एका क्षणाचाही विचार केला नाही. वेणी पुढे ओढली आणि म्हणाली, ‘आन कात्री.’ तिची ती जाड वेणी, जिला वैशू रविवारी तासभर तेल लावते! कात्री कुणाकडेच नव्हती. मी रस्त्यापलीकडच्या शिंप्याकडून मागून आणली, धावत आलो, तर टेबल आवरलं होतं आणि एक माणूस काटा काखेत घेऊन निघाला होता.

धनू पायरीवर बसून रडली. हुंदके दाबले नाहीत, तोंड लपवलं नाही. मी तिच्या शेजारी कात्री हातात घेऊन बसलो होतो आणि मला स्वतःची भयंकर चीड येत होती. पुण्याहून आलेला मोठा मामा, आणि एक वाक्य मोठ्याने म्हणायची हिंमत झाली नाही.

सर आत जाऊन आले. ‘वरच्या गटात खेळता येते,’ म्हणाले. ‘त्रेपन्नच्या आत. पोट्ट्या मोठ्या हायेत तिकडं. खेळतं का?’

धनूने नाक पुसलं. ‘खेळतो.’ मग आम्हा दोघांकडे बघून म्हणाली, ‘एक सांगतो सर. मामा, तुमीबी. आत्याले सांगाचं नाई. कोनीच नाई.’

सामने

ज्यांनी कराटेचा सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅटवर एकीला लाल पट्टा, दुसरीला निळा. हातात मोजे, तोंडात दातांचं रबर. आधी एकमेकींना वाकून नमस्कार, मग पंच ‘हाजिमे’ म्हणतात, म्हणजे ‘सुरू करा’. ठोसा नीट पोचला तर एक गुण, लाथ पोटावर तर जास्त, डोक्याला तर सगळ्यात जास्त. पण डोक्याला नुसता स्पर्श करायचा, फोडायचं नाही.

हे सगळं मी आत्याला समजावलं, कारण पहिल्या सामन्याआधीच ती डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली होती. ‘आधी पाया पडतेत अन् मंग हानतेत,’ ती म्हणाली. ‘चांगली रीत हाये.’ यवतमाळची मुलगी मॅटवर आली. धनूपेक्षा चांगलीच रुंद. धनू मात्र चपळ. शिरायची, ठोसा मारायची आणि ती मुलगी हात उगारेपर्यंत बाहेर. आत्या उभीच राहिली. ‘हान वं माय! हान तिले!’ एक स्वयंसेवक येऊन म्हणाला, काकू, शांत बसा. ‘मी माह्या भाचीशी बोलून राह्यलो,’ आत्या म्हणाली, ‘तुह्याशी नाई.’ धनू जिंकली.

उपांत्य सामना वाशिमच्या मुलीशी. त्यात धनू एकदा खाली पडली तेव्हा आत्याने माझं मनगट असं धरलं की घड्याळाची काच निघाली. तोही धनू जिंकली. मला आशा वाटायला लागली. वरच्या गटातूनही पहिली आली तर राज्याला जाणारच की! मी सरांकडे पाहिलं. ते नखं खात होते.

मग भोंग्यावर पुकारलं, ‘त्रेपन्न किलोखालील मुलींचा अंतिम सामना.’ धनू मॅटकडे निघाली. आत्या माझ्याकडे वळली.

‘त्रेपन्न?’

मी समोर बघत राहिलो.

‘धनू त्रेपन्नची नाई. मी नजरेनं पोराचं वजन सांगतो, जी. हे पोट्टी अठ्ठेचाळीसची हाये. मंग या मोठ्यायसंगं काहून खेळून राह्यली?’

धनूला शब्द दिला होता. पण आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि माझं तोंड मला कधीच सांभाळता येत नाही. तिने ते वाचलं. ‘वजन जास्त भरलं?’ तिने हळूच विचारलं. मी मान हलवली. ‘रात्रीच्या जेवनानं?’ मी पुन्हा मान हलवली. तिने डबा मांडीवरून उचलून बाकाखाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

तो सगळा सामना आत्या एक अक्षर बोलली नाही. समोर बुलढाण्याची मुलगी होती, उंच, लांब पायांची, शांत. धनूने पहिला गुण घेतला. त्या मुलीने फेडला. पुन्हा धनूने, पुन्हा तिने. धनू आत शिरली की ती नुसत्या वजनाने रेटून बाहेर काढायची. धनूची दमछाक मला वरून दिसत होती. शेवटी दोघी बरोबरीत होत्या, वेळ संपत आला होता, धनू ठोशासाठी झेपावली आणि त्या लांब पायाचा पंजा तिच्या कानाला अलगद लागला. अगदी अलगद, हात फिरवल्यासारखा. पंचांनी झेंडे वर केले. धनू दुसरी आली. तिसऱ्या वर्षीही दुसरी.

थोड्या वेळाने अठ्ठेचाळीसच्या गटातही अंतिम सामना झाला. जी मुलगी जिंकली तिला धनूने मागच्या वर्षी उपांत्य सामन्यात हरवलं होतं. धनू मॅटच्या कडेला उभी राहून तिच्यासाठी टाळ्या वाजवत होती. मला ते बघवलं नाही. मी बाहेर जाऊन शिंप्याची कात्री परत करून आलो.

संध्याकाळ

घरी जाताना रिक्षात आत्याने भरलेला डबा मांडीवर धरला होता. आत्याने घरी आल्यावर हातपाय धुतले आणि सरळ स्वयंपाकाला लागली. धनूने तिचा चेहरा पाहिला, मग माझा, आणि तिला कळलं की आत्याला कळलंय. माझ्याकडे असं बघितलं की मी पेपर उघडून बसलो.

पानं मांडली. पोळ्या आदल्या रात्रीच्याच उरलेल्या, त्याच तव्यावर गरम केलेल्या. आत्याने धनूच्या ताटात एक वाढली, तूप एकच चमचा घातलं, आणि भिंतीला टेकून बसली. धनूची पोळी संपली. आत्या उठली नाही. माझी संपली. आत्या उठली नाही. आत्याच्या नवऱ्याने सुद्धा पेपरातून डोकं वर काढलं.

‘आत्या, वाढ नं,’ धनू म्हणाली.

‘पुरे झालं तुले,’ आत्या जमिनीकडे बघून म्हणाली. ‘जन्मभर पोरायचं वजन वाढवलं मी, धनू. कमी भरलं तं मले रात्री झोप येत नव्हती. अन् माह्या हातानं तुहं…’ ती रडायला लागली. मोठी, दांडगी, कुणालाही न भिणारी बाई लहान पोरीसारखी रडत होती.

धनू ताटावरून उठली. उष्ट्या हाताने आत्यासमोर उकिडवी बसली. ‘हे पाय आत्या,’ ती म्हणाली. ‘मी हारली ते तिच्या लातीनं हारली. तुह्या पोयीनं नाई.’

हे खरं नव्हतं. मला ठाऊक होतं, धनूला ठाऊक होतं, आणि नजरेने वजन ओळखणाऱ्या आत्याला तर नक्कीच. तरी ते धनूने इतक्या ठासून सांगितलं की आत्याने मान वर केली.

‘तू जेवली का आज?’ धनूने विचारलं. ‘दुपारचा डबा तं तसाच परत आला.’

‘मले भूक नाई.’

धनूने हात धुतला, एक ताट घेतलं, त्यात पोळी ठेवली आणि तुपाची वाटीच उपडी केली. आत्या म्हणाली, नको. पुन्हा म्हणाली, नको. मग खरोखरच कळवळून म्हणाली, ‘नको वं माय, घशाखाली उतरन नाई.’

धनूने पोळीचा तुकडा मोडला आणि तिच्या तोंडात घातला.